कानामागची पोकळी

नागपूर, १४ नोव्हेंबर १९५८

बाई,

तुझ्या पायांना दुरूनच हात लावतो. जवळून लावू देशील असे आज वाटत नाही.

शामकला बरी आहे. ताप उतरला. काल तिने अर्धी भाकर खाल्ली आणि चहा मागितला. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे ऐकताना तुझा जीव वर-खाली होणार नाही.

तू माझ्याशी बोलणे टाकलेस म्हणून पत्र रुख्माच्या नावाने घातले आहे. रुख्मा, तुझ्या सासूबाई ऐकणार नाहीत म्हणतील. तरी चुलीजवळ बसून मोठ्याने वाच. कान बंद करून घेण्याची सवय आमच्या बाईला कधीच नव्हती.

बाई, चिचगडहून मी पोरीला बैलबंडीत घालून निघालो तेव्हा तू दारात उभी राहून म्हणालीस, "देवीले दवाखान्यात नेऊन राहिला का गा? मंग माह्या दारात पुन्हा पाय ठेवजो नको." मी उत्तर दिले नाही. आई गेल्यावर थोरली बहीण म्हणून तू मला वाढवलेस. माझी बायको गेल्यावर माझी पोर वाढवलीस. तुला उत्तर द्यायला मला कोणी शिकवलेच नाही. पण बंडी थांबवलीही नाही, हे तुला लागले असेल.

मी देवीला खोटे म्हणत नाही. तिच्या ठाण्यापुढे मीही डोके टेकवले आहे आणि पोरीच्या अंगात वारे असताना माझ्याच पोरीच्या पाया पडलो आहे. मी फक्त डोळ्यांनी पाहिले ते सांगतो. नवरात्रात अष्टमीला तुम्ही तिच्या डोक्यावर कलशाचे पाणी ओतले. ती घुमली, देवी बोलली, लोक नारळ देऊन घरी गेले. मग तिचे अंग तापले. डाव्या कानातून आधी पाणी, नंतर पू, नंतर रक्त आले. मी चोरखमाऱ्याहून पोहोचलो तेव्हा ती मला "कोण हाय?" म्हणाली. पोर बापाला ओळखेना, तेव्हा मी बंडी जुंपली.

दवाखाना तोच आहे, जिथे ती लहान असताना कानामागचे हाड फोडले होते. ते म्हातारे डॉक्टर आता नाहीत. नवे आहेत ते तरुण आहेत, कपाळावर आरसा बांधून कानात उजेड पाडतात. तपासायच्या दिवशी शामकला पहाटेच उठली आणि कापसाच्या वातीने कान पुसून लख्ख करून बसली. डॉक्टरांनी पाहिले आणि विचारले, "कोणी साफ केला?" ती म्हणाली, "मीनंच. तुमाले घाण कसा दाखवू?" ते म्हणाले, "पाहुणे येणार म्हणून घर झाडता, तसा कान झाडून आणायचा नाही, बाई. मला ती घाणच पाहायची आहे." ती इतकी लाजली की पदर तोंडावरून काढीना. आम्हाला तीन दिवसांनी पुन्हा बोलावले.

धान कापायला आले आहे. शेजारचा यादोराव माझ्या धानाच्या बांध्या पाहतो आहे. त्याची काळजी करू नकोस. तू करणारही नाहीस, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.

तुझा
शालीकराम


नागपूर, २३ नोव्हेंबर १९५८

बाई,

उत्तर आले नाही. येईल असे धरूनही चाललो नव्हतो.

डॉक्टरांनी मला समजावले ते जसे समजले तसे लिहितो. कानामागचे हाड आतून मधाच्या पोळ्यासारखे असते. शामकलेच्या लहानपणी त्यात रोग शिरला होता. तेव्हाच्या डॉक्टरांनी छिन्नीने ते सगळे पोळे खरवडून काढले, म्हणून ती जगली. पण पोळे गेले आणि खड्डा राहिला. तो खड्डा कानाच्या वाटेने बाहेर उघडा आहे. त्यात मळ साचतो, पाणी गेले की सडते. हा इतकी वर्षे वाहणारा कान म्हणजे तो खड्डा.

दुसरी गोष्ट लिहू की नको, असे दोन दिवस चालले होते.

डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवले. मला आणि मुन्नालालला तिचे खांदे धरायला सांगितले. मुन्नालाल हा इथला पट्ट्या बांधणारा, आपल्या गोंदियाचाच आहे, दिवसभर हिंदीत थट्टा करतो. डॉक्टरांनी पिचकारीत थोडे गार पाणी घेतले आणि तिच्या डाव्या कानात सोडले. वाटीभरही नाही, दोन चमचे.

बाई, तिचे डोळे एका बाजूला सरकायला लागले. सरकायचे, परत यायचे, पुन्हा सरकायचे. मान गोल फिरू लागली. केस सुटले. अंग असे डोलू लागले की आम्हा दोघांना आवरेना. तुझ्या ठाण्यापुढे डोलते तशीच, रतीभर फरक नाही. आणि माझे हात आपोआप सुटले. मी उठून उभा राहिलो, हात जोडले, मान खाली घातली.

मुन्नालाल ओरडला, "अरे मामा, पकडो! लड़की गिरेगी! ये दवाखाना है, मंदिर नहीं."

डॉक्टर हसले नाहीत. पोरीला आडवे केले, तिला ओकारी झाली, थोड्या वेळाने सगळे शांत झाले. मग त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून विचारले, "तुम्ही हात का जोडलेत?" मी सगळे सांगितले. नवरात्र, कलश, ठाणा, लोक काय विचारतात, देवी काय सांगते. त्यांनी कपाळावरचा आरसा काढून ठेवला. मग म्हणाले, "तुमच्या देवीबद्दल मी बोलणार नाही. मला कानापुरतंच कळतं. कानाच्या आत माणसाचा तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात. हिच्या खड्ड्याच्या तळाशी त्यांच्यावरचं हाड झिजून कागदाएवढं राहिलंय. गार पाणी लागलं, गार वारा लागला की जग फिरतं. आणि घाण पाणी गेलं तर पुढच्या खेपेला ताप मेंदूत जाईल. कधीतरी हा खड्डा बुजवावाच लागेल."

देवी कोणत्याही वाटेने येऊ शकते. पाण्यातून येते, वाऱ्यातून येते. पण त्या दिवसापासून मनात येते की तिला यायला माझ्या पोरीचे फोडलेले हाडच का लागावे?

आणखी एक. त्या खुर्चीत शामकला डोलली, पण देवी बोलली नाही. खरे म्हणजे तिला तिथे कोणी काही विचारलेही नाही.

शालीकराम


चोरखमारा, १० फेब्रुवारी १९५९

बाई,

रुख्माचे कार्ड मिळाले. अक्षर तिचे, पण शब्द तुझेच आहेत हे पहिल्याच ओळीत कळले. "त्याले लिही, पोरीचा कान बुजवाचा असंन तर पाडवा होऊ दे. चैताच्या नवरात्रात तिले एकदा ठाण्यावर आण. मले एकच गोष्ट विचारावाची हाय. मंग बुजवा, नाईतर फोडा."

तुला काय विचारायचे आहे ते मला ठाऊक आहे. बकाराम ठेकेदाराबरोबर आसामच्या चहाच्या मळ्यात गेला, एक कार्ड आले आणि मग काहीच आले नाही. तेव्हापासून तू दर नवरात्रात एकच विचारतेस, "माय, माहा लेक जिता हाय का?" आणि देवी सांगते, "हाय. पाण्यापलीकडे हाय. येईल."

कार्डाच्या शेवटी रुख्माने स्वतःचे म्हणून एवढेच लिहिले आहे की तिचा भाऊ पुन्हा येऊन गेला, तिच्या पाटाची, दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढली आणि तू त्याला हाकलून दिलेस. "देवी म्हन्ते माहा लेक जिता हाय, अन् तू माही सून दुसऱ्याच्या घरात घालाले निघाला का?" हे तिने तक्रार म्हणून लिहिलेले नाही. हवापाणी लिहावे तसे लिहिले आहे. रुख्मा, हे तू मोठ्याने वाचत असशील तर मला क्षमा कर.

आता कानाचे. डॉक्टरांनी खड्डा भरायचे ठरवले आहे. मी विचारले, "कशानं भरणार? मेण? चुना?" ते हसले. म्हणाले, कोणी पोटावरची चरबी भरून पाहिली, कोणी हाडाचे तुकडे. चरबी विरघळते, तुकडे कधी सडतात. ते स्वतः वेगळे करणार आहेत. कानाच्या वर कानशिलात, आपण चावतो तेव्हा हलतो तो स्नायू असतो. त्याची पट्टी कापायची, पण मुळापासून तोडायची नाही. मूळ जागेवर ठेवून ती खाली वळवायची आणि खड्ड्यात बसवायची. मुळातून रक्त येत राहते, म्हणून ती जगते.

हे मला लगेच समजले. बांधीचे पाणी अडवणारी पार फुटली की आपण नुसती माती टाकत नाही, ती पहिल्या लोंढ्यात जाते. बाजूच्या गवताचे ढेकूळ मुळासकट ओढून बसवतो. मी तसे म्हणालो तर ते म्हणाले, "तसंच समजा. पण तुमच्या पारेत आत खेकड्याचं बीळ राहिलं तर?" मी म्हणालो, पुन्हा फुटते. ते म्हणाले, "म्हणून मला भीती वाटते. खड्डा उघडा असला की आतला रोग दिसतो. एकदा भरला की दिसत नाही. तळ पूर्ण खरवडल्याशिवाय मी भरणार नाही. आणि खरवडताना त्या बाजूचं उरलंसुरलं ऐकणं जाऊ शकतं."

हे त्यांनी मला नाही, शामकलेकडे पाहून सांगितले. आणि तिलाच विचारले.

ती म्हणाली, "मले रोवणीले जावाचं हाय."

त्यांना कळले नाही. मी सांगितले, धानाची रोपे लावायला, पावसात. ती म्हणाली, "माह्या बरोबरीच्या साऱ्या पोरी चिखलात उभ्या राहून गाणे म्हन्तेत. मले कोणी बांधीत उतरूच देत नाई. म्हन्तेत, देवीचं अंग हाय, चिखल लागंन. अन् उतरली तर भिरभिर येऊन पडते. मी घरात बसून कराची काय?"

बाई, ती अठराची होत आली. तिला पाहायला आजवर कोणी आले नाही. ज्या पोरीच्या पाया पडायचे तिला भांडी घासायला कोण नेणार? हे तुलाही दिसत असेल.

पाडव्यापर्यंत थांबता येईल का, असे मी डॉक्टरांना विचारले, तुझ्यासाठी विचारले. ते म्हणाले, थांबायला हरकत नाही, पण डोक्यावर पाण्याचा एक थेंब पडता कामा नये. मग मी घरी येऊन पोरीला तुझे कार्ड वाचून दाखवले. ती उठून तलावाच्या पाळीवर जाऊन बसली. अंधार पडायला आला तेव्हा मी तिला आणायला गेलो. तिथे तिने मला काही सांगितले. ते मी इथे लिहीत नाही.

कान आता कोरडा आहे. रोज सकाळी पूजा झाली की मी चिमट्याला कापूस गुंडाळून पुसून देतो, थेंब टाकतो. ती डोळे मिटून बसते. आम्ही पाडव्याच्या आधी नागपूरला जात आहोत.

रागावू नकोस म्हणणार नाही. रागव.

शालीकराम


नागपूर, २१ मार्च १९५९

बाई,

झाले. शामकला जिवंत आहे.

सकाळी आत नेली ती दुपार कलली तेव्हा बाहेर आणली. मी बाकावर बसून नाम घेत होतो. घेता घेता मध्येच बकारामाचे नाव तोंडात आले. का आले ते माहीत नाही. देवाने त्यालाही त्या जपात मोजून घेतले असेल.

डोक्याला पागोट्याएवढी पट्टी आहे. गुंगीच्या औषधाचा वास तिच्या केसांना अजून आहे. जबडा उघडत नाही, कारण चावायचा स्नायूच खाली वळवला आहे. म्हणून पेज पाजतो आहे, चमच्याने. लहानपणी तू पाजायचीस तशी मांडीवर डोके घेऊन पाजू लागलो तर ओठाच्या कोपऱ्यातून म्हणाली, "बाबा, मी मेली नाई. बसून पीन."

डॉक्टर रोज सकाळी येऊन तिला म्हणतात, "दात दाखव. डोळे घट्ट मीट. गाल फुगव." पहिल्या दिवशी तिला वाटले थट्टा करतात. तोंड फिरवून बसली. मुन्नालाल म्हणाला, "अरी दिखा दे, दिखा दे, डॉक्टर साब को दाँत का बड़ा शौक है." मग कळले की चेहऱ्याची नस त्या खड्ड्याच्या अगदी कडेने जाते. तिला धक्का लागला असता तर तोंड वाकडे झाले असते. तोंड सरळ आहे. हसते तेव्हा दोन्ही बाजूंनी हसते.

आता जे सांगायचे ते. खड्ड्याच्या तळाशी रोग होता. त्या नळ्यांच्या हाडाला चिकटून होता. डॉक्टर म्हणाले, सोडला असता तर वरून स्नायू बसला असता आणि तो खाली वाढत राहिला असता. म्हणून त्यांनी तो सोलून काढला. त्यात त्या बाजूचे ऐकणे गेले. लोखंडाचा एक चिमटा वाजवून तिच्या डाव्या कानाजवळ धरला. ती वाट पाहत राहिली. तो वाजून थांबला तरी ती वाट पाहतच होती. डॉक्टर उभे राहून मला म्हणाले, "मी हे आधी सांगितलं होतं, पण सांगितल्यानं मला हलकं वाटत नाही."

खड्डा भरला आहे. ते म्हणतात, काही वर्षांत पट्टी थोडी आकसेल, पण पुन्हा उघडी पोकळी होणार नाही.

उद्यापासून कदाचित तिला थोडे चालवतील. पाडव्याला आम्ही इथेच असू. ठाण्यावर माझ्या नावाचा एक दिवा लाव. नाही लावलास तरी मी मनाने तिथे येऊन जाईन.

शालीकराम


चोरखमारा, १२ एप्रिल १९५९

रुख्मा,

हे पत्र तुला आहे. बाईला वाचून दाखवण्याआधी तू एकटी वाच, आणि मग ठरव. तुझ्यावर असे ओझे टाकताना मला बरे वाटत नाही. पण ज्याच्या नावाने तुला थांबवून ठेवले आहे त्याबद्दलचे हे आहे, तेव्हा ते आधी तुलाच कळले पाहिजे.

तलावाच्या पाळीवर शामकलेने मला सांगितले ते असे.

"बाबा, भिरभिर येत होती ते खरं हाय. घर फिरे, माणसं फिरत, मी जिवाच्या भेवानं वरडे. पन बोलत होती मीच."

मी म्हणालो, "तू म्हणजे?"

"मीच. पयल्या वेळंस मी बारा-तेरा वर्साची होती. पडली तं आत्यानं माहे पाय धरले, कपाळ घासलं, म्हणे, माय, माहा बकाराम हाय का? मले वाटलं, नाई म्हटलं तं आत्या मरून जाईल. म्हणून मी 'हाय' म्हटलं. तं तिचं तोंड असं झालं बाबा, का मी तसं तोंड पुन्हा पाहिलं नाई. मंग दर साली तेच. ते विचारे, मी 'हाय' म्हनो. 'पाण्यापलीकडे' म्हणून मीच एक वर्सी जोडलं."

मी विचारले, "आजवर काऊन नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "रुख्मा वयनीसाठी सांगून राहिली. मी 'हाय' म्हणते अन् वयनी थांबते. मी कान बुजवून मोकळी होईन, अन् ते माह्या शब्दावर बसून राहील? आत्याची लेकरागत माया खाल्ली मी. वयनीचं आयुष्य बी खाऊ का?"

मी तिच्या डोक्यावर पदर नीट केला आणि तिला घरी आणले.

रुख्मा, बकाराम मेला असे कोणी सांगितलेले नाही. तो जिवंत आहे असेही कोणी सांगितलेले नाही. कोणालाही काही माहीत नाही, एवढेच खरे आहे, आणि ते सगळ्यांत जड आहे. मी फेब्रुवारीपासून हे पोटात ठेवले. कधी वाटले, बाईचे वय झाले, असू दे, वरून झाकून टाकावे. मग डॉक्टर आठवायचे. तळ खरवडल्याशिवाय भरणार नाही म्हणाले होते, आणि खरवडताना काय जाईल तेही त्यांनी लपवले नव्हते.

मला देवीची भीती वाटत नाही असे नाही. रोज दिवा लावताना क्षमा मागतो. पण मला वाटते, ती असेल तर एका पोरीच्या खोट्यावर रागावण्याआधी त्या खोट्यामागचे कारण पाहील.

बाईला सांगायचे की नाही ते तू ठरव. सांगशील तर तिला एकटी असताना सांगू नकोस. तिचा हात धर. ती झिडकारेल, तरी सोडू नकोस.

तुझा मामासासरा
शालीकराम


चोरखमारा, ९ ऑगस्ट १९५९

बाई,

रुख्माचे तिच्या नव्या घरून कार्ड आले. त्यातून मला सगळे कळले. तिने ते पत्र तुझ्यापुढे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, आणि मध्ये कुठेही तू तिला थांबू दिले नाहीस. वाचून झाल्यावर तू उठून गोठ्यात गेलीस आणि बैलांना वैरण टाकलीस. ती त्यांना आधीच टाकलेली होती.

मग महिनाभर तू कोणाशी बोलली नाहीस. आणि मग तूच तिच्या भावाला निरोप पाठवलास.

पाटाआधी जातीतल्या पंचांपुढे सासरच्या वडीलधाऱ्याने सुनेला मोकळे केले असे म्हणायचे असते. यादोराव त्या दिवशी चिचगडच्या बाजाराला गेला होता, तोही लोकांत उभा होता. त्याने मला सांगितले. पंचांनी विचारले, "देवकाबाई, तुहा लेक मेला असं समजून तू हिले मोकळी करून राहिली का?" आणि तू म्हणालीस, "माहा लेक मेला असं मी कायले म्हनू? माह्या लेकाची वाट मी पाहीन. ह्या पोरीनं कायले पाहावी?"

यादोराव सांगतो, पंचांनी तेवढ्यावरच रुख्मा मोकळी झाली म्हणून सांगितले.

मी ते ऐकून अंगणात बसून राहिलो. तुला मी लहानपणापासून ओळखतो असे समजत होतो.

शामकलेचे लिहितो. यंदा ती रोवणीला गेली. आधी यादोरावाच्या बांधीत, मग आपल्या, मग साऱ्या टोळीबरोबर. पाऊस असा लागला होता की समोरचे दिसेना. मी पारेवर घोंगडी घेऊन उभा होतो, ती पडली तर धरायला. ती पडली नाही. पाणी डोक्यावरून कानावरून वाहत होते आणि ती वाकून रोपे लावत होती. बाया गात होत्या, तिला डावीकडच्या बाईचा सूर कळत नव्हता म्हणून ती मागे-पुढे गात होती. तर सगळ्या तिला चिडवत होत्या, "अवो देवीबाई, आमच्यासंगं चाल, एकटीच कुठी चालली?" ती हसत होती. घरी आल्यावर पाय धुताना मात्र रडली. मी विचारले तर म्हणाली, "आत्यानं पाहाले पाहिजे होतं."

तू आता त्या घरात एकटी आहेस. पत्र वाचून दाखवायलाही तिथे कोणी उरले नाही. रुख्मा होती तोवर मी लिहीत होतो. मास्तरांकडे पत्र नेऊन वाचून घेणारी तू नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून हे मी पोस्टात टाकत नाही. शामकलेच्या हाती देतो. यादोराव तिला चिचगडला तुझ्या दारापर्यंत सोडून परत येईल. मी येणार नाही. तू मला दारात पाय ठेवू नको म्हणालीस, ते तू मोडले नाहीस तोवर मीही मोडणार नाही. पण पोरीला तू तसे म्हटलेले नाहीस.

तेव्हा आता हे पत्र तुला तीच वाचून दाखवते आहे. तिला वाचायला रुख्मानेच शिकवले, तुझ्याच ओसरीवर. थोडे अडखळते. तिला अडखळू दे. हा आवाज तिचा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही. आणि ती तुझ्या घरी राहायला आली आहे. तुझ्या बांधीत उरलेली रोवणी करायला, बैल पाहायला, तुझे पाय दाबायला. तू म्हणशील तेवढे दिवस राहील. जा म्हणालीस तर जाईल, पण लगेच जा म्हणू नकोस.

तिच्या उजव्या अंगाला बसून बोलत जा. डावीकडून बोललीस आणि तिने उत्तर दिले नाही, तर ती रुसली असे समजू नकोस.

आणि बाई, मला माहीत आहे, हे वाचून संपले की तू तिला तो प्रश्न विचारशील. एकदा तरी विचारशीलच. विचार. तिने घाबरू नये म्हणून तिला मी हे आधीच सांगून ठेवले आहे. ती तुझ्याकडे पाहील आणि "मले माहीत नाई, आत्या," म्हणेल.

मग दोघी मिळून चूल पेटवा आणि जेवून घ्या.

तुझा
शालीकराम